साठ की आठ

कार डेकच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: ५० वॉट गुणिले ४. दुकानदार त्यावर बोट ठेवून सांगतो, “दोनशे वॉट आहे मॅडम, काचा हलतील.” एकलहऱ्यात वाढलेल्या माणसाला असल्या आकड्यांकडे जरा तिरकं बघायची सवय असते. इथल्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. १९७९ ते १९८१ या काळात ते सुरू झाले. पण संचावर २१० लिहिलंय म्हणून रोज २१० मेगावॅट निघतात असं नाही, हे कॉलनीतल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. कोळसा कसा आलाय, मागणी किती आहे, कोणता संच दुरुस्तीला घेतलाय, यावर सगळं ठरतं.

डेकचंही तसंच. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात, आणि डेकमधल्या छोट्या ॲम्प्लिफायरला तेवढ्यातच भागवायचं असतं. १४.४ ला १.४१४ ने भागा, येईल त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ४ ओहमने भागा. उत्तर येतं २६. आवाज न फाटता एका स्पीकरला मिळू शकणारे हे जास्तीत जास्त वॉट, तेही कागदावर. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळतात. ५० हा क्षणभराचा, फाटक्या आवाजाचा आकडा. म्हणून खोक्यावर ‘आरएमएस’ कुठे लिहिलंय ते शोधायचं. ते सहसा बारीक अक्षरांत असतं.

हे गणित मी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून पप्पांना दाखवलं. पप्पांची सगळी नोकरी बोर्डात, स्टोअरला गेली. २००५मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, तरी आमच्या घरात ते आजही ‘बोर्ड’च. चलनावर लिहिलाय तेवढा माल आलाय का, हे बघण्यात त्यांची हयात गेली. आकडेमोड बघून ते म्हणाले, “म्हणजे निम्मा माल शॉर्ट.”

आमची वॅगनआर २००७ची आहे. २०२२मध्ये तिला पंधरा वर्षं झाली आणि पप्पांनी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. त्या एप्रिलपासूनच ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. त्यांनी कुरकुर केली, पण भरले. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं त्यांच्याकडे एका फाईलमध्ये तारखेनुसार लावलेली आहेत. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर डेक बंद पडला तेव्हा घरात दोन पक्ष झाले. मम्मी म्हणाली, पन्नास-साठ हजारांच्या गाडीत गाण्याचे पैसे कशाला घालायचे? पप्पा म्हणाले, रेडिओ लागला तरी पुरे.

मला डेक नुसता दुरुस्त करायचा नव्हता. गेली दोनेक वर्षं गाडीत बसलं की पप्पा आवाज वाढवायचे, तो इतका की दारं थरथरायची. आणि तरी बातम्या संपल्यावर विचारायचे, “काय म्हणाला? साठ की आठ?” घरात आम्ही हसलो की त्यांचं हसू थोडं उशिरा यायचं, आमच्या तोंडाकडे बघून. ताईचा पुण्याहून फोन आला की ते “हो, हो” करून तो मम्मीच्या हातात द्यायचे: “घे, तूच बोल.” ताईला वाटायचं, पप्पा रागावलेत.

‘साठ’ आणि ‘आठ’ या दोन शब्दांत फरक फक्त ‘स’चा. ‘आ’सारखे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर भरपूर असतो. ‘स’ म्हणजे नुसता हवेचा फुत्कार. त्याचा बराचसा भाग ४,००० हर्ट्झच्या वर असतो आणि तो मुळातच नाजूक. वय वाढतं तसं ऐकणं नेमकं वरच्या बाजूने कमी होत जातं. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो, शब्द येत नाहीत. सरसकट मोठं केलं तर आधीच ऐकू येणारे स्वर अजून मोठे होतात, गलका वाढतो आणि ‘स’ त्यात बुडतो. “ओरडू नकोस, ऐकू येतंय मला,” असं घरातली मोठी माणसं चिडून म्हणतात, ते खोटं नसतं.

त्यात जुनी गाडी. टायरचा, रस्त्याचा, इंजिनाचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला. आम्हा एकलहरेकरांना ही पट्टी ओळखीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोठा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर घुमतो. त्याच्याजवळ उभं राहून कोणाशी बोलून बघा, म्हणजे पप्पांचं गाडीत काय होत असेल ते कळेल.

नाशिक रोडला ज्या दुकानात गेले, तिथल्या पोराने सरळ बेस ट्यूब पुढे केली. मागच्या ट्रेवर दोन मोठे ओव्हल स्पीकर आणि डिकीत ट्यूब, हा आपल्याकडचा ठरलेला बेत. नाशिक ढोलाच्या गावात बेसला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. गणपतीत ढोल छातीत वाजतो तेव्हा मीही नाचते. पण ढोलाला शब्द नसतात. मला शब्द हवे होते. मी म्हणाले, “दादा, वडिलांना बातम्या ऐकायच्यात.” तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “मग पुढच्या दारात कंपोनंट टाका, मागचं राहू द्या.” सल्ला अगदी बरोबर होता.

कंपोनंट म्हणजे मोठा स्पीकर आणि बारीक ट्वीटर वेगवेगळे. वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. दारात खाली, गुडघ्यापाशी लावलेल्या स्पीकरमधला ‘स’ पँटच्या कापडातच मुरतो. ट्वीटर काचेच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या उंचीवर बसला की तोच ‘स’ कानापर्यंत पोचतो. दोन जोड्यांमध्ये निवडायची वेळ आली तेव्हा मी वॉट बघितले नाहीत, सेन्सिटिव्हिटी बघितली. एकीवर ८८ डेसिबल होतं, दुसरीवर ९१. हा ३चा फरक दिसायला किरकोळ, पण ८८च्या जोडीतून ९१एवढा आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला तर साधारण दहापट. मुळात पंधरा-वीसच वॉट हाताशी असतील, तर थोड्यात जास्त बोलणारा स्पीकर घ्यावा.

खरं काम दाराचं होतं. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. मागचा आवाज पत्र्याच्या भोकांतून पुढे आला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि पातळ पत्रा स्वतःचंच गाणं लावतो. दाराचं पॅड काढून पप्पांनी बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली: टण्ण. आतून डॅम्पिंग शीट चिकटवून, रोलर फिरवून पुन्हा मारली: थप्प. सगळा पत्रा झाकावा लागत नाही, मधला मोठा सपाट भाग झाला की बरंच काम होतं. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मात्र बुजवायची नाहीत, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात दार गंजेल. स्पीकर कसण्याआधी काच पूर्ण खाली करून ती त्याच्या मागच्या बाजूला घासत नाही ना, तेही बघायचं. पप्पा शेजारी स्टूल टाकून बसले होते. प्रत्येक स्क्रू त्यांनी वाटीत मोजून ठेवला आणि संध्याकाळी मोजूनच परत दिला.

डेक, स्पीकर, शीट आणि मजुरी मिळून साडेतेरा हजार झाले. ट्यूब नाही, वेगळा ॲम्प नाही. मग सेटिंग. डेकमध्ये हाय-पास फिल्टर असतो. तो ८० हर्ट्झवर ठेवला की त्याखालचं जड ओझं स्पीकरवरून उतरतं आणि बाकीचं मोकळं वाजतं. बेस दोनने कमी, ट्रेबल तीनने जास्त. पप्पा आता डावीकडे बसतात, गाडी मी चालवते, म्हणून बॅलन्सही थोडा डावीकडे. मला तो आवाज जरा टोचतो. पण सेटिंग माझ्या कानांसाठी केलेलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी एकलहरे रोडवर असताना ताईचा फोन आला. ब्लूटूथवर, गाडीतच. ती म्हणाली, “साडेसातपर्यंत पोचते, सिन्नर सोडलं की सांगते.” मी उत्तर द्यायच्या आत पप्पा म्हणाले, “सिन्नरला नको, संगमनेरलाच सांग. स्टँडवर यायला वेळ लागतो.” ताई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, “पप्पा, तुम्ही बोलताय?” त्या दिवशी द्वारकेपर्यंत ते दोघंच बोलत होते. नातवाच्या शाळेचं, ताईच्या भाड्याच्या घराचं, बरंच साठलेलं. मम्मी मागच्या सीटवर होती. तिने एकदाही “काय म्हणतेय ती?” चा अनुवाद केला नाही.

स्पीकर बदलून कान बरे होत नाहीत. गाडीतून उतरलं की पुन्हा तेच. पण पप्पांना तोवर वाटत होतं की हल्ली लोकच पुटपुटतात. तोच रस्ता, तोच फोन, तीच ताई, आणि तरी शब्द सुटे ऐकू आले, तेव्हा प्रश्न कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच कळलं. ऐकण्याच्या तपासणीला ते स्वतःहून तयार झाले. बंद खोलीत हेडफोन लावून २५०पासून ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर ऐकवतात. डाव्या बाजूला ठीक असलेली त्यांची रेघ उजवीकडे उतारावरून जावी तशी खाली गेली होती. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने नेहमीचं आहे. श्रवणयंत्र सगळंच मोठं करत नाही, जिथे रेघ खाली गेलीय तिथेच उचलून देतं. पप्पांनी आलेख उलटसुलट बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे ट्रेबल.”

सुट्टीवर आलेले माझे मित्र आमच्या वॅगनआरमध्ये बसतात आणि विचारतात, बेस कुठाय? त्यांना मी कानाचं एक गणित सांगते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सांगितली जाणारी एक मर्यादा. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ला चार तास, ९१ला दोन. वयाने जे वरचे सूर जातात, तेच मोठ्या आवाजाने आधी जातात. फरक एवढाच की वय सावकाश येतं, इअरफोन पंचविशीतच आणून ठेवतो.

श्रवणयंत्र सध्या महिन्याभरासाठी चाचणीवर आहे. पप्पा ते सकाळी घालतात, दुपारी चहाच्या कपांचा आवाज टोचतो म्हणून काढतात, ताईच्या फोनच्या वेळी परत घालतात. चाचणीची पावती आणि आलेख त्यांनी गाडीच्याच फाईलमध्ये लावलाय, स्पीकरच्या बिलाच्या मागे. मम्मीने विचारलं, हे इथे कसं? ते म्हणाले, “काम एकच आहे.”