हललेला फोटो

'फोटो हलला' ह्या दोन शब्दांत आपण छायाचित्राला जी शिक्षा सुनावतो, तिच्यावर अपील नसते. हललेले चित्र रद्दीत जायचे, हा रिवाजच आहे. पण अशा वेळी हलते कोण? एक तर समोरची वस्तू, नाही तर कॅमेरा धरणाराचा हात. म्हणजे दोहोंपैकी एकात तरी चैतन्य असल्याची ती साक्षच की! १८३८ साली दागेरने पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश कित्येक मिनिटे आत घ्यावा लागे. म्हणून त्या चित्रात वर्दळीचा रस्ता ओसाड दिसतो. चालती माणसे, धावत्या गाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थबकलेला एक गृहस्थ. पुढे कॅमेरे चपळ झाले. आता हलणारे पुसून जात नाही, नुसते ओघळते.

असेच एक ओघळलेले चित्र सध्या माझ्या अभ्यासिकेत टांगलेले आहे. २०१६ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली, तेव्हा आमचे अण्णा एक्याऐंशी वर्षांचे होते. कारवी आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, हे ते जाणून होते. पुढच्या बहराचा हिशेबही त्यांनी मनाशी केलेला असणारच. भर पावसात, एका हाताने छत्री सावरीत त्यांनी स्वतः कळ दाबली. हाताला कंप आणि वर वारा! फुलांचे नुसते जांभळे फराटे झाले आहेत, टेकडी एका अंगाला कलली आहे, आणि वरच्या कोपऱ्यात छत्रीची काळी कड शिरली आहे. चित्र पाहून अण्णा एवढेच म्हणाले, "हलला. पुढच्या खेपेस तू नीट काढ."

पुढची खेप २०२४ साली आली. अण्णा नव्हते. मी त्याच उतारावर गेलो आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे फोटो नीट काढला. पाकळीवरची शीर न् शीर मोजून घ्यावी, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात खुशाल छापावा, इतका नीट. मग दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली. माझ्या चित्रात कारवी होती. अण्णांच्या चित्रात कारवी होती, वारा होता, पाऊस होता, आणि त्यांचा हात होता. तो थरथरता हात आता घरात दुसरीकडे कोठेच उरलेला नाही.

कारवीची सुकलेली बोंडे पाणी लागताच तडतडून फुटतात आणि बी दूर उडवतात. झुडूप तोवर वाळून गेलेले असते. त्या बियांचा बहर आता २०३२ साली यायचा. तेव्हा माझा हात कितपत स्थिर राहील, कोण जाणे! कळ मात्र मीच दाबणार आहे. फोटो हलला, तर खुशाल हलू दे.