प्रवेश विनामूल्य, जागा मागे

"मॅडम, जरा मागे बसता का? पुढे मुलं दिसायला हवीत, फोटो काढायचाय."

बोलणारा तरुण प्राध्यापक उद्धट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते. पण तो हात जोडून बोलत होता. इतक्या अदबीने उठवल्यावर माणूस उठतोच. मी उठले, आणि तेच अजून डोक्यातून जात नाही.

व्याख्यान विद्यापीठात होतं. विषय आपल्या दख्खनचा कातळ आणि त्यातलं पाणी. वर्तमानपत्रातल्या चौकटीत 'सर्वांसाठी खुले, प्रवेश विनामूल्य' असं ठळक छापलं होतं. आमच्या सोसायटीच्या बोअरचं रामायण सांगत बसत नाही, टँकरवर दिवस काढलेल्यांना ते पाठ असतं. पहिली बोअर आटली. दुसरी पाणाड्याने दाखवलेल्या जागी घेतली. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, खालून मात्र नुसता धुरळा आला. आणि भिंतीपलीकडच्या बंगल्याची बोअर भर मे महिन्यातही चालू! हे असं का, ते कुणातरी जाणत्या माणसाला विचारायचं होतं, म्हणून गेले.

फाटकावर 'कुठलं डिपार्टमेंट?' झालंच. ते सोडून देते.

वेळेआधी पोचल्यामुळे आम्ही गावातली माणसं पुढच्या रांगांत बसलो होतो. दोन निवृत्त शिक्षक, काठी टेकत आलेले एक आजोबा, आणि माझ्या शेजारी बाहीला ग्रीस लागलेला एक बोअरवाला. सभागृह निम्मं रिकामं होतं. मग रांगेने विद्यार्थी आत आले आणि हलवाहलव सुरू झाली. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालाला उपक्रमाचे फोटो लागतात, तेही जिओ-टॅग केलेले, म्हणजे फोटोखाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं उमटलेलं. बॅनर दिसला पाहिजे, पाहुणे दिसले पाहिजेत, समोर तरुण चेहरे दिसले पाहिजेत. आम्ही त्या चौकटीत बसत नव्हतो. आजोबा म्हणाले, "अहो, मला मागून ऐकू येत नाही." त्यावर एक मुलगी म्हणाली, "आजोबा, मागे पण स्पीकर आहे." ते काठी सावरत मागे गेले. फोटो निघाले. एकात कुणाचे तरी डोळे मिटले, म्हणून पुन्हा निघाले. मला वाटलं, आता तरी आम्हाला पुढे बोलावतील. छे! ती जागा आता मुलांची झाली होती, आणि त्यातली निम्मी मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती.

बरं, अहवालाला मुलंच हवी असतील तर चौकटीत तसं छापावं. 'सर्वांसाठी खुले' लिहून माणसं बोलवायची आणि आली की ती फोटोत नकोत, हा कुठला न्याय? समाजासाठी काय केलं, असंही नॅक विचारतं ना? मग हा काठीवाला आजोबा म्हणजे समाज नव्हे तर कोण?

पुढे दीपप्रज्वलन, विद्यापीठ गीत, रोपं देऊन सत्कार, पाहुण्यांचा परिचय. तो परिचय पाहुण्यांनाच ऐकवेना, ते घड्याळ बघत होते.

व्याख्यान मात्र असं झालं की राग विसरले. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन बेसॉल्टची, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाची. सरांनी कापडी पिशवीतून दोन दगड काढले. एक भोकाभोकांचा, दुसरा काळा, घट्ट, मधून चीर गेलेला. "पाणी कशातून जास्त वाहील?" सगळे म्हणाले, भोकांचा. सर हसले. ती भोकं म्हणजे लाव्हात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. चाळ आहे, पण एकाही खोलीला दार नाही, असं ते म्हणाले. कितीतरी खोल्यांत तर झिओलाइटसारखी खनिजं आधीच मुक्काम करून बसलेली. पाणी साठतं आणि फिरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या कातळाच्या चिरांतून. बोअरला चीर लागली तर पाणी, चार हात सरकलात तर कोरडा खडक. दोन लाव्हांच्या मधे कधीकधी तांबड्या मातीचा थर असतो, तो ढासळला तर बोअरच बुजते. भिंतीपलीकडचं कोडं मला तिथेच सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी दगड सभागृहात फिरवायला दिले. भोकांचा दगड माझ्यापर्यंत आला तेव्हा कोमट झाला होता. आत पांढरे बारीक स्फटिक, नखाने खरवडले तरी निघत नव्हते. दगडामागोमाग हजेरीचा कागद निघाला होता, पण तो दोन रांगांतच दगडाच्या पुढे गेला. सही झाली की मागच्या दाराने एकेक जण पसार. मुलांना दोष द्यायला मी तयारच होते. पण एकाने सांगितलं की परिपत्रक निघालंय, आलं नाही तर इंटर्नलचे मार्क जातील. आणि त्यातलीच एक मुलगी मोबाइलचा टॉर्च लावून दगडाच्या एकेका भोकात डोकावत होती. तिच्या हातून दगड काढून घेणं शेजारच्याला जड गेलं.

शेवटी 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत' असं जाहीर झालं. सत्काराला वेळ होता, आभाराला वेळ होता, प्रश्नाला नव्हता. सरांना चहाला नेलं. चहा फक्त पाहुण्यांसाठी.

खरं तर सर्वांसाठी खुली व्याख्यानं काही नवी नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून आजतागायत फुकट व्याख्यानं देतंय. तिथे पदवी नाही, परीक्षा नाही, त्यामुळे हजेरीचा कागदही नसणार. आपल्याकडेही मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आहे, पुण्यात जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी शास्त्रज्ञ बोलतात. म्हणजे हे अशक्य आहे असं नाही. फुकट बोलावलं म्हणजे उपकार केला, हे डोक्यातून काढलं पाहिजे, विद्यापीठं आमच्याही करांवर चालतात. संयोजकांना माझं सांगणं एवढंच की प्रश्न आधी घ्या, सत्कार उरलेल्या वेळात करा. एकदा वाटलं, वीस रुपये तिकीट लावावं, म्हणजे पैसे देऊन बसलेल्याला कुणी उठवणार नाही. पण मग फुकट आहे म्हणून सहज डोकावणारी माणसं येणार नाहीत, आणि यायला तीच हवीत.

पार्किंगमध्ये तो बोअरवाला भेटला. मी माझा प्रश्न त्यालाच विचारला. "बाई, सर बोलले ते बरोबरच आहे. भेग लागली तर पाणी. आम्हाला मशीनच्या आवाजावरून कळतं."

"मग पाणाड्या सांगेल तिथे का मारता?"

"गिऱ्हाईक सांगतं तिथे मारतो. माझं कोण ऐकतंय?"

त्यालाही सरांना काही विचारायचं होतं. काय, ते त्याने सांगितलं नाही.

सोसायटीच्या सभेत तिसऱ्या बोअरचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, आधी भूजलाची पाहणी करून घ्या. "कोण म्हणतं?" बोअरवाला म्हणतो, असं सांगितलं असतं तर सगळे हसले असते. मी म्हणाले, "विद्यापीठातल्या व्याख्यानात सांगितलं." सभा एकदम गप्प झाली. ज्या विद्यापीठाला मी महिनाभर शिव्या देत होते त्याचंच नाव वापरून बाजी मारली, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. सेक्रेटरींनी विचारलं, पुढचं व्याख्यान कधी आहे, आपणही येऊ. मी त्यांना म्हटलं, लवकर निघा आणि मागेच बसा, म्हणजे उठावं लागणार नाही. बोअरचा ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.