सीटखालचं जाकीट

मी प्रवरेच्या काठचा. पाठीला रिकामा डबा बांधून वयाच्या सातव्या वर्षी अगस्तीच्या देवळाजवळ पोहायला शिकलो. पोहता येणाऱ्याला जाकीट कशाला, हे माझं पक्कं मत होतं. ते स्वतःपुरतं ठेवलं असतं तर आज लिहायचं कारण नव्हतं. पण भंडारदऱ्याला पाहुणे आले की मी त्यांना होडीत बसवायचो आणि जाकिटं सीटखाली सरकवायचो. लहान पोरांनाही सांगायचो, "मी आहे ना."

माझा भाचा क्रूझवर आचारी आहे. २०२४च्या जानेवारीत त्याने आम्हा दोघांना मुंबई–गोवा फेरीला नेलं. जहाज सुटण्याआधी सरावाचा भोंगा झाला, सात आखूड आणि एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं होतं. मी खोलीतच पडून राहिलो. बायको एकटी गेली.

रात्री भाचा आला तो गंभीर चेहऱ्यानेच. "मामा, तुमच्या नावापुढे खूण नव्हती. एक माणूस तुम्हाला शोधत फिरत होता. खरी वेळ असती तर तो तुमच्यापायी खाली अडकला असता."

सकाळी त्याने मला डेकवर नेऊन वर टांगलेल्या नारिंगी लाइफबोटी दाखवल्या. त्यातल्या एका बोटीवर त्याचीच नेमणूक होती. स्वयंपाकघरातला माणूस बोटीवर काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, जहाजावर प्रत्येकाचं दुसरं काम ठरलेलं असतं. कुणी माणसं मोजतो, कुणी बोटीचे हुक सोडतो, कुणी इंजिन सांभाळतो. दर आठवड्याला सराव होतो आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बोट खरोखर पाण्यात उतरवून चालवतात. माणसं जमल्यापासून अर्ध्या तासात सगळ्या बोटी भरून खाली गेल्या पाहिजेत, असा नियम आहे. बोटीत माणशी तीन लिटर पाणी असतं आणि इंजिनाला चोवीस तासांचं इंधन.

टायटॅनिकवर बोटी कमी होत्या, हे मी ऐकून होतो. बोटींत १,१७८ जणांची जागा होती आणि वाचले सातशेच्या आसपास, हे त्याने सांगितलं. म्हणजे होत्या त्या जागाही भरल्या नाहीत. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला धडकली तेव्हा जहाज सोडायचा हुकूम तासाभराने निघाला. तोवर ते इतकं कललं होतं की एका बाजूच्या बोटी उतरवणं मुश्कील झालं. ३२ माणसं गेली. त्यांत मुंबईकडचा एक वेटर होता. त्याचा देह सापडायला २०१४चा नोव्हेंबर उजाडला. हे सांगताना भाच्याचा आवाज बसला. तोही जहाजावरच काम करणारा होता.

मग त्याने जाकीट माझ्या हातात दिलं. शिट्टी, छोटा दिवा, मानेमागे जाड गादी. "मामा, माणूस बेशुद्ध पडला तरी हे त्याला उताणं करतं, तोंड पाण्याबाहेर ठेवतं. डोक्याला मार लागला तर तुमचं पोहणं काय कामाचं?" मला उत्तर सुचलं नाही. तरी मी मनातून मानलं नव्हतं. समुद्राची गोष्ट वेगळी, नदी आपली, असंच वाटत होतं.

त्याच वर्षी २३ मे रोजी, आदल्या दिवशी बुडालेल्यांच्या शोधाला आलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट आमच्याच तालुक्यात, सुगावला, प्रवरेत उलटली. तीन जवान गेले. पाण्याचंच काम करणारी, शिकलेली माणसं होती ती. ज्या नदीला मी आपली म्हणत होतो, तिने त्यांनाही सोडलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. भंडारदऱ्याच्या होडीत माझ्या शब्दावर विसंबून जाकिटाविना बसलेली पोरं एकेक करून डोळ्यांसमोर येत राहिली. त्यांना काही झालं नाही, यात माझी हुशारी काहीच नव्हती.

माझं चुकलं होतं. त्या पोरांच्या आईबापांना मी फोन करून तसं सांगितलं.

आता होडीत पाय ठेवण्याआधी मी जाकिटं मागतो, मोजतो, सगळ्यांचे पट्टे स्वतः ओढून बघतो. एक जरी कमी असलं तरी होडीत बसत नाही. तुम्ही भंडारदऱ्याला याल, घारापुरीला जाल, मोठ्या जहाजावर चढाल. माझ्यासारखा कुणी "मी आहे ना" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. जाकीट मागून घ्या आणि भोंगा झाला की खोलीतून बाहेर पडा.