राहून गेलेली पायरी

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा गणिताविषयी लिहावे की विद्यार्थी संघटनेच्या दिवसांविषयी, असा प्रश्न मला पडला. चौतीस वर्षे मी महाविद्यालयात गणित शिकविले. त्याआधी, विद्यार्थिदशेतील चार वर्षे संघटनेला दिली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, असे मी पुष्कळ काळ मानत होतो. तो संबंध मला हर्णे बंदरावर कळला.

१९७८ साली मी मुंबईत एका वसतिगृहात राहून बी.एस्सी. करीत होतो. २७ जुलै रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात आपल्या माणसांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. ती वृत्ते वाचून स्वस्थ बसणे कोणालाच शक्य नव्हते. सभा, मोर्चे, पत्रके, निधीसंकलन यांत आम्ही स्वतःला झोकून दिले. मला बोलता येत असे, म्हणून सभेत भाषण माझे असे. माझ्या खोलीत आमच्या दापोली तालुक्यातलाच एक मित्र होता. त्याचे अक्षर सुरेख, म्हणून फलक रंगविण्याचे काम त्याच्याकडे असे. त्याचे वडील हर्णे बंदरावर हमाली करीत. आम्ही दोघेही भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकत होतो.

परीक्षा जवळ आली. अनंत श्रेणींचा भाग त्याला उमजत नव्हता. "एकदा नीट समजावून सांग," असे तो आठवडाभर म्हणत होता आणि "उद्या सांगतो," असे मी म्हणत होतो. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी कल्याणला पत्रके पोहोचवायची होती. मी त्याला पाठविले. तो मध्यरात्री परतला, तेव्हा मी माझी उजळणी संपवून झोपलो होतो. मी उत्तीर्ण झालो. तो नापास झाला, शिष्यवृत्ती थांबली, आणि एका सकाळी पत्र्याची पेटी घेऊन तो गावच्या एस.टी.त बसला. त्याला पोहोचवायलाही मी गेलो नाही. त्या दिवशी माझे भाषण होते.

बारा वर्षांनी तो भेटला. मी तेव्हा प्राध्यापक झालो होतो. हर्णेच्या किनाऱ्यावर सायंकाळचा मासळीचा लिलाव चालला होता. पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या होड्यांवरचा माल घेऊन वाळूवर येत होत्या. एका व्यापाऱ्याची वही मांडीवर घेऊन तो हिशेब लिहीत बसला होता. भाव पुकारला जाताच रक्कम त्याच्या तोंडून बाहेर पडत होती, कागदावर आकडेमोड नाही. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मोर्चाचं वाईट नाही वाटत रे. तो मोर्चा माझापण होता. पण तू 'उद्या सांगतो' म्हणालास ना, तो उद्या काही आला नाही."

हे वाक्य घेऊन मी वर्गात परतलो. तोवर सिद्धता लिहिताना मधली एखादी पायरी गाळून "हे उघड आहे" असे म्हणण्याची मला सवय होती. ते उघड कोणाला असते? ज्याच्या घरात आधी कोणी शिकलेले असते, त्याला. पहिल्या पिढीच्या मुलाला ती गाळलेली पायरी म्हणजे दरी असते. तेव्हापासून ते शब्द मी वर्गात वापरले नाहीत, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याला "उद्या" म्हटले नाही.

या भूमीचा इतिहास पाहिला की माझी चूक अधिकच जाणवते. हर्णेपासून जवळच असलेल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. गणिताच्या त्या परीक्षेत पहिला येणारा हा पहिला भारतीय. त्याच दशकात दापोलीतील निवृत्त महार सैनिक आपल्या मुलांना सरकारी मदतीच्या शाळेत बसू द्यावे म्हणून अर्ज करीत होते. प्रवेश मिळाला, तरी मुलांच्या वाट्याला शाळेची ओसरी आली. त्यांनी तरीही अर्ज थांबविले नाहीत. म्हणजे आपल्याकडे माणसे प्रथम एकत्र आली ती वर्गातल्या जागेसाठी. ज्या जागेसाठी पूर्वजांनी संघटना उभी केली, तीच जागा मी संघटनेच्या नावाखाली एका मित्राला गमावू दिली.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा संदेश आपण सर्वजण उच्चारतो. त्यांच्या १९४२ च्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात पुढच्या दोन शब्दांचा क्रम उलटा आहे. क्रमाला महत्त्व असते हे गणित शिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही; साध्या संख्यांच्या गुणाकारात तो बदलला तरी चालतो, सारणींच्या गुणाकारात चालत नाही. परंतु दोन्ही क्रमांत "शिका" हा शब्द पहिलाच राहतो. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. तो लढा न्याय्यच होता. त्यात उतरल्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्या एका संध्याकाळचा.

निवृत्तीनंतर सुट्टीच्या दिवशी मी विद्यालयात येतो. एकदा मुलांना हर्णेच्या वाळूवर नेले आणि पाण्यात न उतरता सुवर्णदुर्गाचे अंतर काढायला सांगितले. किनाऱ्यावर दोरीने एक पायारेषा आखली, तिच्या दोन्ही टोकांवरून किल्ल्याच्या बुरुजाचे कोन मोजले. पायारेषा जितकी लांब, तितके उत्तर अचूक. बहुतेकांची आकडेमोड संपली, तरी एक मुलगा गप्प उभा होता. मी काही बोलण्याआधीच वसतिगृहातील एक मुलगी त्याच्याजवळ बसली आणि वाळूवर बोटाने त्रिकोण काढू लागली. बाकीची मुले थांबून राहिली. संघटना म्हणजे काय, हे मला भाषणांतून सांगता आले नव्हते, ते मी तेथे पाहिले.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. धाकट्या मुलांना मोर्चाला अवश्य न्या, पण त्याआधी त्यांच्या परीक्षेची तारीख विचारा, आणि अडलेली पायरी त्याच रात्री समजावून द्या. संध्याकाळच्या वंदनेनंतर या विद्यालयात जो अभ्यासाचा तास भरतो, तो असाच अखंड चालो, ही मंगल कामना.

जय भीम. नमो बुद्धाय.