प्रयोगशाळेंतील सोवळें

माझ्या आजीचें सोवळें फार कडक. तिची धाबळी उंच दांडीवर वाळत असे. तिला चुकून हात लागला कीं आम्हां मुलांची धडगत नसे. पुढें विज्ञान शिकून शहाणी झाल्यावर मीं त्या सोवळ्याची पुष्कळ थट्टा केली. त्या थट्टेचें प्रायश्चित्त मला प्रयोगशाळेंत मिळालें.

रोग्याच्या शरीरांतून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्यें मुरवून मेणांत बसवितात. फॉर्मालिनचा हा गुण फर्डिनांड ब्लुम यांनीं १८९३ सालीं दाखविला. असे ठोकळे वर्षानुवर्षें टिकतात. कारण फॉर्मालिन त्यांतील प्रथिनें जणूं टांके घालून एकमेकांस जखडून टाकतें. पण तींच प्रथिनें वस्तुमान-वर्णपटमापकानें ओळखावयाचीं, तर ते टांके उसवावे लागतात. कागदाहून पातळ काप घ्यावयाचे, झायलीननें मेण विरघळवावयाचें, अल्कोहोलच्या पायऱ्यांनीं काप पुन्हां पाण्यांत आणावयाचे आणि क्षालक द्रवांत ९५ अंशांच्या आसपास तापवावयाचे. त्या उष्णतेनें पुष्कळसे टांके सुटतात. पुढें ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवलें, कीं प्रथिनांचे बारीक तुकडे होतात. यंत्र ते तोलतें, आणि त्यांवरून मूळ प्रथिनाचें नांव कळतें.

एका हिंवाळ्यांत एका वृद्ध गृहस्थांच्या हृदयाचे काप माझ्याकडे आले. हृदयांत ॲमिलॉइड सांचलें होतें. पण तें कोणत्या प्रथिनाचें? अस्थिमज्जेंतील पेशींनीं निर्मिलेलें असल्यास त्या पेशींवर तीव्र औषधांचा मारा करावयाचा. यकृतांत होणारें ट्रान्सथायरेटिन असल्यास तीं औषधें निरुपयोगी, नव्हे अपायकारकच. काप मोजके, त्यांतले निम्मे मीं वापरले. यंत्रानें सर्वांत ठळक दाखविलें तें केरॅटिन! केसांतलें, नखांतलें, त्वचेंतलें प्रथिन. हृदयाच्या स्नायूंत त्याचें काय काम? तें माझें होतें. यादींत मेंढीचेंही केरॅटिन होतें. तें माझ्या लोकरी स्वेटरचें.

मान खालीं घालून मीं डॉक्टरांना सारें सांगितलें. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "बाई, त्यांचें हृदय पुन्हां टोचणें आतां शक्य नाहीं."

त्या रात्रीं मला आजी आठवली. उरलेल्या कापांसाठीं मीं केस टोपींत बांधले, मेज पुसून काढलें, भांडीं नवीं घेतलीं, हातमोजे पुनःपुन्हां बदलले आणि स्वेटर दाराबाहेर ठेवला. आजीच्या सोवळ्यांत धाबळी चाले. माझ्या सोवळ्यांत लोकर आधीं वर्ज्य! या वेळीं स्पष्ट उत्तर आलें: ट्रान्सथायरेटिन. उपचारांची दिशा ठरली.

आजीच्या सोवळ्यानें माणसें दूर ठेवलीं, हें मी विसरत नाहीं. माझ्या नियमांचें कारण मला सांगतां येतें, तिला तिच्या नियमांचें सांगतां येत नसे, हेंही खरें. परंतु आपल्या हातून दुसऱ्याच्या ताटांत भलतें कांहीं जाऊं नये, ही तिची दक्षता मात्र मीं उचलली आहे. आजी आज नाहीं. असती तर त्या धाबळीपुरती तरी मीं तिची क्षमा मागितली असती.