घाटापुरतं इंजिन

चार क्रेडिटचा विषय म्हणजे साठ तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021 मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा मांडला, त्यात एखाद्या विषयाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवायची मुभा होती. म्हणजे चोवीस तास ऑनलाइन आणि छत्तीस तास वर्गात. हा हिशेब करायला अर्धं मिनिट पुरलं. त्यानंतर तीन आठवडे मी त्याच कागदासमोर बसले आहे, कारण खरा प्रश्न पुढे आहे. कोणते चोवीस?

विषय माझ्या आवडीचा आहे, पाऊस आणि पाणलोट. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. इगतपुरीत राहून शिकवावा असा याच्याइतका दुसरा विषय मला माहीत नाही. सह्याद्रीचा माथा आमच्या उशाशी आहे. त्याच्या पूर्वेला पडलेला थेंब दारणेत जातो, दारणेतून गोदावरीत, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच्याच शेजारचा थेंब जरा पश्चिमेला पडला तर घाट उतरून थोडक्या वाटेत अरबी समुद्र गाठतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिकात सातशेच्या आसपास. दारणा धरण 1916 पासून भरतंय. वैतरणेचं पाणी मुंबई पिते. आणि एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्याकाठी वाटीवाटीने पाणी भरतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या हंड्यांखालून चालत मोठ्या झाल्या आहेत. त्यांना पाणलोट शिकवायचा, तो स्लाइडवरच्या निळ्या बाणांनी?

जुलैत निम्मे बाक रिकामे असतात. तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. दोन-तीन आठवडे घरातलं प्रत्येक माणूस गुडघाभर चिखलात वाकलेलं असतं, आणि कॉलेजच्या वेळापत्रकात मात्र जुलै हा नवं सत्र जोमाने सुरू करायचा महिना असतो. गैरहजेरीचा शेरा मारणं सोपं आहे. मी काही वर्षं मारलाही. आता मारवत नाही. भात लावणाऱ्या मुलीला भाताच्या खाचरातलं पाणी कसं अडतं हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ते कळणं भूगोलात धरलं जातं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून ऑनलाइन या शब्दाकडे मी आशेने बघते, आणि लगेच पाड्यांची आठवण होते. दरीतल्या गावांना इंटरनेटपुरती रेंज नाही. फोन घरात एक, तो दिवसभर भावाबरोबर घोटीच्या बाजारात आणि रात्री चार्जिंगला. 2020 च्या पावसाळ्यात टाळेबंदीत मी घरी बसून मान्सूनच्या दोन शाखा शिकवत होते. एका मुलीने उत्तर लिहून न पाठवता बोलून पाठवलं. तिच्या घरावर पत्रा होता आणि पत्र्यावर पाऊस. त्या आवाजात तिचं एक वाक्यही धड ऐकू येईना. मी ती ध्वनिफीत चार वेळा लावली. चौथ्या वेळी लक्षात आलं की मी कोरड्या खोलीत बसून जे समजावतेय, ते तिच्या डोक्यावर कोसळतंय. प्रयोगशाळा तिच्या घरी होती आणि मी तिला स्क्रीनवर बोलावत होते.

त्या दिवसापासून दूर असलेला विद्यार्थी ही मला अडचण वाटत नाही. चाळीस मुलं चाळीस गावांत असणं ही या विषयाची खरी श्रीमंती आहे.

पण घरी सोडून दिलेलं मूल अडतं कुठे आणि त्याला हात कधी द्यायचा, हे मला कोणत्या मसुद्याने शिकवलं नाही. ते वडिलांनी शिकवलं.

वडील रेल्वेत होते, बँकरवर. कसारा ते इगतपुरी हा पंधरा-सोळा किलोमीटरचा थळ घाट 1865 मध्ये रेल्वेला खुला झाला. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा त्याचा चढ. मुंबईहून आलेल्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात, तेच बँकर. ती ढकलत गाडी वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि मोकळी परत घाट उतरतात. पुढे नागपूरला, हावड्याला जाणारी गाडी तिच्या स्वतःच्या इंजिनावर जाते. फलाटावर वडापाव घेणाऱ्या माणसाला मागे काय सुटलं याचा पत्ताही नसतो. आमच्या घरात मात्र रोजचं बोलणं तेच असायचं. आज किती गाड्या चढवल्या, धुकं किती होतं, रुळांवर पाणी किती.

नववीत त्यांची शाळा सुटली होती. 1 जुलै 1989 ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्ञानगंगा घरोघरी हे त्याचं ब्रीद, आणि आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत ती गंगा तपकिरी कागदाच्या पुडक्यातून आली. वडिलांनी आधी पूर्वतयारी केली, मग बीएला नाव घातलं. कसाऱ्याला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते बाकावर बसून पुस्तिका वाचायचे. त्या पुस्तिका वेगळ्याच होत्या. मजकुराच्या मधेच त्या वाचणाऱ्याला थांबवून प्रश्न विचारायच्या. वडिलांनी स्वतःची एक रीत बसवली होती. कळलं तिथे समासात पेन्सिलीने बरोबरची खूण, न कळलं तिथे फुली.

संमंत्रणाच्या, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या मार्गदर्शनाच्या, रविवारी ते ड्युटी बदलून घ्यायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि पॅसेंजरने नाशिकला जायचे. कधी केंद्रावर तिघंच असायचे. आई एकदा वैतागून म्हणाली, “एवढ्या लांब जाऊन शिकवतात तरी काय तुम्हाला?”

“शिकवत नाहीत गं,” ते म्हणाले. “अडलेलं सोडवतात.”

संमंत्रकांसमोर ते फक्त फुल्या ठेवायचे. एका रविवारी परत आले तेव्हा पाऊस धो धो पडत होता, शर्ट चिंब, आणि चेहरा मात्र असा की आईला वाटलं पगारवाढ झाली. फुली खोडून त्यांनी शेजारी बरोबरची खूण केली होती आणि ते पान ते आम्हा सगळ्यांना दाखवत होते. मी दहावीला होते त्या वर्षी ते पदवीधर झाले.

मिश्र अध्यापनाचा आराखडा यापेक्षा चांगला कसा करायचा, मला अजून सुचलेलं नाही. सपाटीवर विद्यार्थी स्वतःच्या इंजिनावर जातो. त्याला तिथे ढकलत राहणं हा त्याच्या इंजिनाचा अपमान आहे. घाट कुठे लागतो हे ओळखून तिथे मागे उभं राहायचं आणि माथ्यावर सुटायचं. फक्त घाट कुठे आहे हे विद्यार्थ्याच्या फुल्यांवरून कळतं. शिक्षकाच्या अंदाजाने नाही.

गावातच आणखी एक शाळा आहे, जिच्याकडे आराखडा आखणाऱ्यांनी एकदा तरी बघावं. धम्मगिरी. तिथे 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात. मी शिबिराला बसले तेव्हा तिथले आचार्य सत्यनारायण गोयंका जाऊन काही वर्षं झाली होती. ते 2013 च्या सप्टेंबरात गेले. तरी सूचना त्यांच्याच आवाजात येत होत्या आणि संध्याकाळचं प्रवचनही त्यांचंच, ध्वनिमुद्रित. शिक्षक हयात नाही आणि वर्ग भरलेला आहे, हे पाहून मी पहिल्या दिवशी हादरले. तिसऱ्या दिवशी कळायला लागलं. पहाटे चारला घंटा होते. फोन आल्या दिवशीच जमा केलेला असतो. शेजारच्या बैठकीवरची बाई तिच्या गुडघ्याचं दुखणं घेऊन बसलेली असते, ती उठत नाही म्हणून मीही उठत नाही. बोलायचं कोणी कोणाशी नाही, पण दुपारी बारा ते एक या वेळात सहायक आचार्यांकडे जाऊन आपली अडचण विचारता येते. तोच आवाज मी घरी एकटीने ऐकला असता तर दुसऱ्या दिवशी बंद केला असता, हे मला स्पष्ट दिसत होतं. ध्वनिमुद्रित आवाजाला घंटा लागते, सोबत लागते आणि बारा ते एकचं ते दार लागतं. आपण मुलांच्या हातात नुसता आवाज देतो आणि मुलं ऐकत नाहीत म्हणून रडतो.

तर असा हा माझा कागद आता भरत आला आहे.

ऐकायचे पाठ आठ-दहा मिनिटांचे, आणि ध्वनिफितीच. चित्रफितीला जो डेटा लागतो तो पाड्यावर नाही; ध्वनिफीत एका फोनवरून दुसऱ्यावर जाते, मेमरी कार्डावर मावते, चुलीपुढे भाकरी थापताना ऐकता येते. प्रत्येक पाठाच्या शेवटी एक काम, घराबाहेर करायचं. पहिलं काम पर्जन्यमापक. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, तळाला खडे घालून पाणी शून्याच्या खुणेपर्यंत भरायचं, बाजूला पट्टी चिकटवायची. एक लिटरची बाटली इथल्या पावसाला पुरत नाही. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. एक आकडा पाठवायला इंटरनेट लागत नाही, साधा संदेश पुरतो. आवणीला गेलेली मुलगीही बांधावरची बाटली बघून आकडा पाठवू शकते. जुलैचे तीन आठवडे मी वर्ग जवळजवळ ठेवलेलेच नाहीत; ऑनलाइनचे बरेचसे तास तिथे घातले आहेत. खाचरात उभी असलेली मुलं त्या तीन आठवड्यांत गैरहजर नसतील, निरीक्षणावर असतील.

आवणी संपली की सगळे वर्गात. भिंतीवर तालुक्याचा नकाशा, आणि प्रत्येकाने आपल्या गावावर आपले आकडे लावायचे. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना आकडे उतरत जातात, ते मुलांच्याच हातांनी भिंतीवर उतरतील. मग कोणीतरी विचारेल, शेजारच्या दोन गावांत एवढा फरक का. कोणीतरी म्हणेल, तुझी बाटली गळकी आहे. ते भांडण मला हवं आहे. ते फोनवर होत नाही, आणि झालंच तर वाईट वळणावर जातं.

आणि समोच्च रेषा. माझ्या विषयातला घाट तो. एकास पन्नास हजार प्रमाणाचा भूपत्रक नकाशा पुढे ठेवला की हुशार मुलगीही गप्प होते. तपकिरी रेषांचं ते जाळं तिला डोंगर वाटत नाही. मी त्याच्या तीन चित्रफिती करून पाहिल्या, दर वेळी फुल्याच आल्या. मग मागच्या वर्षी परातीत चिखलाचा डोंगर केला, बोटभर पाणी ओतलं, पाण्याची कड काडीने कोरली, पुन्हा बोटभर, पुन्हा कड. पाणी काढून टाकल्यावर वरून बघायला सांगितलं. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हा तर त्रिंगलवाडीचा किल्ला.” अभ्यासक्रमात समोच्च रेषांना दोन तास दिलेले आहेत. मी नऊ देतेय, सगळे वर्गातले. व्याख्या, प्रकार, आकृत्यांची नावं हे सगळं घरी जाऊ दे. चिखल इथेच राहील.

एक गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही. दोन दिवस ज्याचा आकडा आला नाही त्याला फोन करायचा. संदेश नाही, फोन. बहुतेकदा बाटली बैलाने पाडलेली असते. कधी घरात कोणी आजारी असतं. कधी मुलीचं लग्न ठरवायची बोलणी चालू असतात, आणि तो फोन वेळेवर जाणं न जाणं यावर पुढचं सगळं ठरतं. हे तास साठात धरले जात नाहीत, पण आराखड्यात त्यांच्यासाठी माणूस धरावाच लागेल. रिकामी पदं भरायची नाहीत म्हणून जिथे ध्वनिमुद्रित पाठ आणले जातात, तिथे मिश्र अध्यापन चाललेलं नसतं. तिथे मुलांना कसाऱ्यालाच सोडलेलं असतं.

परवा कागद वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले, पर्जन्यमापकाची आकृती बराच वेळ पाहिली. मग विचारलं, “यात रविवार कुठाय?” मी पुन्हा बसले. आता दर पंधरवड्याला दोन तास कोरे आहेत. त्यांत मी काही शिकवणार नाही. मुलांनी फुल्या घेऊन यायचं.

बत्तीस बाटल्या कापून झाल्या आहेत, आठ राहिल्यात. पहिली नोंद सत्राच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला.