रांगेचं गणित

आम्हां न्हावा शेव्याकडच्या लोकांना रांग म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं, आणि पुढे ट्रेलरच्या रांगा इथल्या रस्त्यांच्या सवयीच्याच झाल्या. गेटबाहेरचं पार्किंग कितीही वाढवा, त्यानं गेट भराभर चालत नाही. उभे राहणारे ट्रेलर तेवढे वाढतात.

इंटरनेटच्या राउटरमध्येही असंच पार्किंग असतं, त्याला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तसे बफर फुगले. काही हरवू नये हा हेतू, पण मग सगळंच ताटकळतं. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरी हेच आढळलं, आणि 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं.

आमच्याकडे नातू फाइल वर चढवायला लागला की ताईचा व्हिडिओ कॉल अडखळायचा. ताईला कमी ऐकू येतं, ती बरंचसं ओठांवरून वाचते. चित्र थांबलं की तिच्यापुरतं बोलणंच थांबलं!

यावरचा उपाय कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला, 'कोडेल'. रांगेची लांबी मोजायची नाही, प्रत्येक पाकीट किती वेळ उभं राहिलं ते मोजायचं. ही वाट १०० मिलिसेकंद सलग ५ च्या वर राहिली, तर काही पाकिटं चक्क टाकून द्यायची. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला जड! पण टाकलेलं पाकीट म्हणजे पाठवणाऱ्याला निरोप असतो, 'जरा हळू'. तो ते पुन्हा पाठवतो. 'एफक्यू-कोडेल'मध्ये प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग मिळते. म्हणजे दूधवाल्याची सायकल ट्रेलरमागे अडकत नाही.

अर्थात आकडे जागेप्रमाणे बदलावे लागतात. ते १०० आणि ५ बाहेरच्या लांबच्या प्रवासासाठी. घरातल्या घरात, तारेवरून, पाकीट मिलिसेकंदाच्या आत पोचतं, तिथे दोन्ही आकडे कमी करता येतात. उलट एक मेगाबिटच्या संथ लाइनवर एक मोठं पाकीट निघायलाच १२ मिलिसेकंद लागतात, तिथे ५ चा हट्ट चालत नाही.

आमची वर चढवायची लाइन २० मेगाबिटची. राउटरवर मर्यादा १८ लावली, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या दारात लागते, आणि आपल्या दारातली रांग आपल्याला आवरता येते. ताई आता मध्येच "काय म्हणालास?" विचारत नाही. नातू मात्र, "आजोबा, फाइलला जास्त वेळ लागतो," म्हणून कुरकुरतो. कुरकुरू दे.